गार उजेड

नाव लिवा कमल. नुसतं कमल, फुडं मालकांचं नाव लावू नका, का ते तुमास्नी मागनं कळंल. म्हायेर माझं राधानगरीकडं, धरणाच्या वरल्या अंगाला, तिथं पाऊस धरला की चार चार म्हैनं दांडीवरचं कापड वाळत न्हाई, भाताची खाचरं, दोन म्हशी आन आमी चौघी भैणी, त्यात मी तिसरी, म्हंजे जिच्या जल्माला कुणी पेढं वाटलं न्हाईत आन कुणी रडलं बी न्हाई, रडून सगळं दुसरीच्या टायमालाच झालं हुतं. दहावीपर्यंत शिकले. शाळंत गुरुजींनी एकदा सेल, वायर आन एवढुसा बल्ब जोडून दावला, तर मी घरी येऊन बाबांची रानात जायाची बॅटरी खोलली, सेल काढलं, वायर लावली, आन बल्ब लागला की वो पावणं, चुलीपशी बसून लावला मी. तेवढ्यात बाबा आलं, त्येनी बॅटरी बघितली आन म्हशीच्या दाव्यानं हाणली मला. उजेडापायी मार खायाची सुरवात माझी तिथनं.

एकुणिसाव्या वर्सी लगीन झालं. जावई कोल्हापूरचा, गाड्यांचा वायरमन, ट्रक, टेम्पो, पिकअप असल्या गाड्यांच्या लायटी आन वायरिंग करणारा, सोताचं दुकान, म्हणून बाबा खूस. दुकान म्हंजे उद्यमनगराच्या अंगाला एक पत्र्याचं खोपाट आन म्हागं दोन खोल्या, त्यात आमी ऱ्हायचं. आता काय सांगू तुमास्नी, मालकांच्या हातात कला हुती, त्याला मी न्हाई म्हणणार न्हाई, खोटं कशाला बोलू. गाडीच्या हेडलाईटीचं काम तर असं करायचं की सांगली-मिरजंवरनं डायवर येत हुतं. दुकानाच्या आत, समोरच्या भिंतीवर चुन्यानं दोन फुल्या मारल्यात, अजून हायत बघा त्या, गाडी हितं आखलेल्या रेघंवर उभी करायची आन दोन्ही लायटी त्या फुल्यांवर पडल्या पायजेत, एक बोट वर न्हाई एक बोट खाली न्हाई. हाताला कला आन तोंडाला इख. मला भाताचं बुजगावणं म्हणायचं, मी उंच ना, आन काळी. गिऱ्हाईक बसलेलं असायचं, त्येच्या म्होरं म्हणायचं, ही आमची बुजगावणी बगा, हिला दारात उभी केली की कावळं बी च्या प्यायला येत न्हाईत. गिऱ्हाईक हसायचं. मी च्या ठेवायची आन आत जायाची.

आन एक खेळ हुता त्येंचा. माझ्या हातात म्हायेरची पाटली हुती, पितळंची, वरनं सोन्याचं पाणी दिलेली. बॅटरीच्या दोन वायरी हळूच त्या पाटलीला लावायचं. बारा व्होल्टानं माणूस मरत न्हाई पावणं, पण पाटली दोन सेकंदात तापती, आन ती हातातनं निघत बी न्हाई लवकर. हे बघा, हितं, हे मनगटावरचं गोल, ते त्येचंच. मी वराडले की हसायचं, म्हणायचं शॉर्ट झाली गं तू. तवापास्नं मी काचंच्याच बांगड्या घालते, काच तापत न्हाई. लेक झाली आमास्नी, एकच. ती हुपरीला दिलीया, घरात पैंजण करत्यात ती लोकं, चांदीचं, बरं चाललंय तिचं. तिच्या लग्नाच्या वर्सालाच मालकांचं डोळं गेलं.

साखर हुती. डागदरांनी सांगितलं इंजेक्शन घ्या, तर म्हणायचं मी काय म्हातारा झालो व्हय, आन जिलबी खायाची. आधी डावा डोळा गेला, ते त्येनी कुणाला सांगितलंच न्हाई, मला बी न्हाई. मग उजवा. मोठ्या दवाखान्यात न्हेलं तर तिथल्या डागदरीणबाई म्हणाल्या, आता काई उपेग न्हाई, उजेड हाय का अंधार हाय एवढं सुदीक कळणार न्हाई. रिक्षातनं घरी आलो तसं मालक दुकानात शिरलं, स्टूल चाचपून बसलं, आन म्हणालं, काळा गॉगल आण बाजारातनं, आन एक लक्षात ठेव, ही गोष्ट ह्या पत्र्याच्या भाईर गेली तर तुझी जीभ पकडीनं उपटून काडीन. आंधळ्याकडं लाईट करायला कोण येनार, दुकान बंद पडलं तर खानार काय तू, भात लावायला जानार व्हय परत. ते त्येंचं बोलणं खरं हुतं, म्हणून मी गप बसले. माझं आन त्येंचं पोट एकाच वायरीवर हुतं.

मग तीन वर्सं आमी दोघांनी मिळून एक वायरमन केला. कसा ते ऐका. मालक गाडीच्या म्होरं स्टुलावर बसायचं, गॉगल लावून, आन मी बोनेटमदी, न्हाईतर स्टेअरिंगखाली पाठीवर पडून. लोकांस्नी वाटायचं हा बायकोला शिकवतोय, बाईमाणूस हाताखाली ठेवलंय, मोठ्या मनाचा माणूस. खरं म्हंजे वायरीचा रंग त्येंला दिसायचा न्हाई, आन लोकांत रंग बोलून दावायचा न्हाई, म्हणून ठोकं ठरवल्यालं. मी पकडीनं पत्र्यावर ठोकायची. एक ठोका लाल, दोन काळी, तीन पिवळी, चार निळी. मग त्येनी म्हणायचं, ही हिकडं घे, ती तोड, हितं कथलाची डाक मार. ठोका चुकला आन मी फुडं हात केला की बोट पकडीत धरायचं आन दाबायचं, वरनं गिऱ्हाईकाशी पावसापाण्याचं बोलत. मी आवाज काडायचा न्हाई. हळूहळू मी ठोकं चुकायची बंद झाले, मग त्येंचं मोजणं चुकायचं, तरी बी बोट माझंच. दुसऱ्या वर्सी मला सगळं याय लागलं, काय तोडायचं काय जोडायचं, मी आधीच करून ठेवायची आन ते सांगायचं मागनं, पण लोकांच्या कानात आवाज त्येंचा जायाचा.

शेवटाला लाईट तपासायची पद्दत त्येंची, ती तर सगळ्या उद्यमनगरात गाजलेली. गाडी चालू करायची, लाईट लावायची, मालक उठायचं, बोनेटवरनं हात सरकवत म्होरं यायचं आन लाईटीच्या काचंवर तळहात ठेवायचं. तसाच ठेवून शंभरापतोर आकडं मोजायचं. जुना बल्ब तापतो वो पावणं, त्येची धग काचंला येती, ती त्येंच्या हाताला कळायची, डावी किती तापली, उजवी किती तापली, त्यावरनं सांगायचं डाव्या लाईटीला करंट कमी येतोय, अर्थिंग बघ. आन बरूबर निघायचं. लोक म्हणायचं बाबूराव काचंवर हात ठेवून लाईटीचा आजार सांगतो. ही त्येंची शेवटची गोष्ट ऱ्हायली हुती, जी मी न्हाई करायची, ते करायचं.

मग दत्तू आला. दत्तू गगनबावड्याचा, दुधाची गाडी त्येची, जुनी पिकअप, पंधरा वर्सांची, पत्रा गंजलेला, हेडलाईटीच्या काचा पिवळ्या पडलेल्या. पहाटं वाड्यावस्त्यांवरनं कॅन भरायचं आन खाली आणायचं. म्हणाला, बाबूराव, घाटमाथ्यावर धुकं असं पडतंय की मला माझ्या गाडीचं नाक दिसंना, परवा एक म्हातारी म्हस घेऊन रस्त्यात उभी, म्हस दिसली म्हणून म्हातारी वाचली. लाईट म्हंजे नुसता काजवा झालाय. मालक म्हणालं, बल्बात दोष न्हाई, तुझ्या गाडीत सगळा करंट बॅटरीतनं स्टेअरिंगच्या स्विचात आन तिथनं बारक्या जुन्या वायरीनं म्होरं जातोय, जातोय तवर निम्मा वाटंतच मरतोय. बॅटरीपास्नं जाड वायर सरळ म्होरं घिऊ, मदी फ्यूज, मदी रिले, स्विच नुसता रिलेला हुकूम दील, करंट नव्या वायरीनं जाईल. बरूबर सांगितलं त्येनी. पण दत्तू म्हणाला, बल्ब बी बदला, एलईडी घाला, सगळी घालायल्यात.

मालकांनी आजवर एलईडीचं काम घेतलं नव्हतं. म्हणायचं, पांढरा उजेड धुक्यात भित्तीगत उभा ऱ्हातोय, आमी करत न्हाई. खरं कारण म्हंजे त्येंचं डोळं गेल्यावर ते बल्ब आलं बाजारात, त्येनी कधी बघितलंच नव्हतं. पण शेजारचं गॅरेज सगळं एलईडीच करायचं, आन गिऱ्हाईकं तिकडं वळाय लागली हुती, म्हणून मालक म्हणालं, घालू, पिवळ्या झाकंचं आण, धुक्यात ते बरं. मीच आणलं जाऊन. आन कामाच्या आदल्या दिशी मी ते टेबलावर बॅटरीला लावून बघितलं. डोळं दिपलं. मग सवय म्हणून काचंवर हात ठिवला. पावणं, काच गार. त्येची धग सगळी म्हागच्या बाजूला जाती, तिथं बारका पंखा असतोय, म्होरं काई न्हाई. लख्ख उजेड आन हाताला तळ्याचं पाणी लागावं तसं गार. माझ्या मनात पयलं आलं ते हेच की मालकांस्नी सांगाय पायजे. सांगणार हुते. द्येवाशपथ सांगणार हुते.

दुसऱ्या दिशी काम चाललं. वायर मी वढली, कथलानं डाक मी मारली, रिले मी बसवला, अर्थिंगची जागा घासून तिथला गंज मी काडला. मदीच मी तीन ठोकं दिलं, पिवळी, ह्येनी दोन मोजलं, आन म्हणालं काळी चॅसिसला लाव. मी परत तीन दिलं. तर दत्तू च्या प्यायला भाईर गेलता तेवढ्यात माझं हे बोट, हे, पकडीत धरून असं पिरगळलं की नख सुटलं. कानात म्हणालं, मला शिकवतीस व्हय. मी रगात फडक्यानं पुसलं आन वायर माझ्या मनानं बरूबर जागंला लावली. दत्तू आला, बोनेटमदी बघितलं, म्हणाला, काय वायर बांधलीया वो, जशी गजऱ्यात फुलं, कुणी केलं हे. आन मालक हसलं. म्हणालं, कोण करनार, माझाच हात हाय त्यो, हिला काय कळतंय, बुजगावणीला, पाना दे म्हटलं तर पोळी लाटायचं लाटणं आणून दील.

तवा ठरवलं मी. काय ठरवलं म्हणाल तर काई न्हाई, नुसतं गप बसायचं ठरवलं.

दुपार हुती. शटर अर्धं वढून घेतलं म्हंजे भित्तीवर उजेड दिसतोय. दत्तू हुता, च्या देणारा हुता, शेजारच्या गॅरेजातली दोघं बी बघायला आलती, बाबूराव एलईडी करतोय म्हणून. मी गाडी चालू केली, इंजिनाचा आवाज पत्र्यात घुमाय लागला, कोण काय बोललं कळंना, आन मी स्विच दाबला. दोन्ही फुल्यांवर दोन गोल पडलं, एक बोट वर न्हाई एक बोट खाली न्हाई. मालक उठलं. बोनेटवरनं हात सरकवत म्होरं आलं, काचंवर तळहात ठिवला, ओठ हलाय लागलं, मोजत हुतं. शंभर झालं. परत मोजलं. मग दुसऱ्या काचंवर ठिवला. सगळी गप उभी, मोठा कारागीर काय सांगतोय म्हणून. मालकांनी हात वर केला, इंजन बंद कर म्हणालं. मी बंद केलं. लाईटी तशाच जळत हुत्या.

म्हणालं, लागली न्हाई. दत्तू हसला, त्येला चेष्टा वाटली. मालक वराडलं, हसतोस कशाला, ह्या येडीनं घोळ घातलाय, रिले सकाळी टक करत हुता मी ऐकलं, म्हंजे चूक रिलेच्या फुडं हाय, हिच्या हातात हाय, तीन वर्सं शिकवतोय हिला, दगडाला शिकवलं असतं तर त्येनी लाईट लावली असती. आन राग त्येंच्या डोक्यात गेला. गॉगल काडून फेकला, लाईटीच्या म्होरं वाकलं, तोंड पार काचंला लावलं, डोळं उघडं, पांढरं, त्यात त्यो सगळा उजेड, आन म्हणालं, दाव मला, ह्यात उजेड कुठं हाय दाव. अंधार हाय ह्यात, अंधार.

त्येंची पापणी हालली न्हाई पावणं. आमचं डोळं बाजूनं बघून दुखत हुतं आन त्येंची पापणी हालली न्हाई. च्यावाल्याच्या हातातला गिलास तसाच ऱ्हायला. दत्तूनं हळूच इचारलं, बाबूराव, तुमास्नी दिसत न्हाई व्हय.

मालकांनी तोंड माझ्याकडं केलं, म्हंजे मी जिथं असंल असं वाटलं तिकडं. मी बोलावं म्हणून. मी काई तरी थाप मारीन म्हणून, तीन वर्सं मारत आलते तशी. आन मी म्हणाले, मालक, लाईट लागलीया. दोन्ही लागल्यात, फुल्यांवर पडल्यात. तुमास्नीच दिसत न्हाई. हा बल्ब गार असतोय.

त्येनी परत काचंवर हात ठिवला. बारीक आवाजात म्हणालं, गार हाय की गं. तसा आवाज मी त्येंचा कधी ऐकला नव्हता, लगीन झाल्यापास्नं न्हाई. मग खाली बसलं आन गॉगल हुडकाय लागलं, फरशीवरनं हात फिरवत. गॉगल चाकापशी पडलाता, मला दिसत हुता. मी दिला न्हाई. शेवटाला दत्तूनं उचलून दिला.

लोक लई वाईट पावणं. दुसऱ्या दिशीपास्नं जाणारा येणारा शटरपाशी थांबायचा, मालकांच्या तोंडाम्होरं हात हालवून बघायचा, हसायचा. एकानं त्येंच्या हातात जळका बल्ब दिला आन म्हणाला, बाबूराव, बगा हो हात लावून, ह्येला काय आजार झालाय. मालकांनी खरंच हात लावून बघितला. मी आत भाकरी थापत हुते, मला ऐकू येत हुतं, मी उठले न्हाई. ज्येंच्या ज्येंच्या गाड्या केलत्या त्यातली निम्मी परत आली, आंधळ्यानं केलेलं काम म्हणून परत तपासून द्या म्हणाली. मी एकेक वायर उघडून दावली, एक चूक निघाली न्हाई, तरी परत कोण आलं न्हाई. दिवाळीपतोर दुकानात गाडी लागली न्हाई. म्हायेरनं तांदूळ आणून खाल्ला, मालकांनी म्हणलंतं तसंच झालं.

मग दत्तू आला, संगं गगनबावड्याच्या आणखी दोन दुधाच्या गाड्या घेऊन. मालकांकडं बघितलंच न्हाई त्येनी, सरळ माझ्याकडं आला. म्हणाला, वैनी, सगळा पावसाळा घाटमाथ्यावर गाडी मारली, रस्त्याची कड दिसती मला, दगड दिसतोय, म्हस दिसती. ह्या दोन्ही तशाच करून द्या, आन तुमी सोता करा. मालक स्टुलावर बसलं हुतं, त्येनी ऐकलं. मी काम करताना सवयीनं पत्र्यावर तीन ठोकं दिलं तर तिकडनं आवाज आला, पिवळी. मी पिवळी वायर जोडली. कामाला मन लागलं माझं. आता तुमी बघताय की, भाईर चार गाड्या उभ्या हायत. पाटीवरचं नाव बदलायला टाकलंय, नुसतं कमल, म्हणून तुमास्नी बी तेच लिवायला सांगितलं.

आता मालक काय करत्यात म्हणाल तर त्या कोपऱ्यात बसत्यात. दत्तूच्या पिकअपची जुनी हेडलाईट, ती पिवळी काचवाली, ती मी टाकली न्हाई, त्येंच्या स्टुलापशी भित्तीला बसवलीया, जुन्याच बल्बासकट. सकाळचा च्या झाला की म्हणत्यात, लाव गं. मी बॅटरीला जोडते. मग काचंवर हात ठिवून मोजत बसत्यात. ह्या साली त्येंच्या बोटांस्नी बी कळंना झालंय, साखर ती, डागदर म्हणाल्या नसा मेल्यात. गरम गार निम्मं कळतंय निम्मं न्हाई.

ज्या दिशी माझं डोस्कं बरं असतंय त्या दिशी मी लाईट लावते. ज्या दिशी हे बोट ठणकतंय, नख परत सरळ आलंच न्हाई बघा, त्या दिशी मी वायर जोडतच न्हाई. आन म्हणते, लागलीया मालक. ते हात ठेवत्यात, शंभरापतोर मोजत्यात, आन म्हणत्यात, व्हय, लागलीया. बरी तापलीया. कधी म्हणत न्हाईत की गार हाय म्हणून. त्या दिवसापास्नं म्हणतच न्हाईत. भ्यात्यात मला.

परवा हुपरीची लेक आलती. तिनं बघितलं, बाप काचंवर हात ठेवून मोजतोय. मला आत बोलावलं, म्हणाली, आई, बल्ब बंद हाय. मी म्हणाले, ठावं हाय मला. ती म्हणाली, तू माझ्या बाबांवर गेलीस गं. आन च्या न पिता गेली. लई लागलं मला ते. खोटं हाय असं म्हणता आलं न्हाई, म्हणून लागलं. गेल्यावर मी वायर जोडली, पण तवर मालकांचं मोजून झालं हुतं.

असू दे. हुतंय ते हुतंय. तुमचं डोळं नीट ऱ्हाऊ देत पावणं, आन घरात कुणाच्या हातात पकड असंल तर ती कुणाच्या बोटावर न पडो, एवढंच मागते तुमच्यासाठी. जाताना त्या कोपऱ्यानं जावा. पायाचा आवाज आला की मालक इचारणार, लाईट लागलीया का वो. आज जोडलीया का न्हाई ते वाकून बघत बसू नका. व्हय म्हणा आन जावा.